शेवटचं घर हळदी

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं, की मी वहाणा पायात सरकवतो आणि सरळ तळ्यावर फिरायला निघून जातो. सोलापुरात हायस्कुलात सायन्स शिकवतो. भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्याला ‘कुठे, कधी, कुणी पाहिलं’ असं विचारून हैराण करण्याबद्दल मी बदनाम आहे. आता तेच प्रश्न मला विचारा... तिन्हींची उत्तरं देतो. खुलासा मात्र मागू नका.

आम्ही विणकर. घरात निम्मं तेलुगू, निम्मं मराठी, म्हणून वडिलांना आम्ही ‘नायना’ म्हणतो. नायनांनी जन्मभर सूत रंगवलं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले — पूर्ण गेले, डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हापासून ते धड बोलेनात, धड जेवेनात. ताट पुढे ठेवलं की म्हणायचे, “न्हाय रे. रंगच गेले, आता कशाला उगं जगायचं?” डोळ्यांदेखत माणूस वाळत चालला होता. हा उन्हाळा काही ते काढत नाहीत, या भीतीने मला झोप लागत नसे.

शाळेतल्या एका कोकणी मास्तरांनी सुट्टीत आपल्या गावी बोलावलं. माझी बायको लक्ष्मी म्हणाली, “मामंजींना नेऊ या की. हवापालट तरी हुईल.” आंधळ्या माणसाला समुद्र काय दाखवायचा, असं मनात आलं, पण निघालो. मुंबईहून स्टीमर धरली. बरोबर कडक भाकरी नि शेंगाची चटणी होतीच.

सकाळची कोवळी उन्हं. किनाऱ्याने एकेक गाव येत होतं. आमच्याकडची घरं मातीची नि मातीच्याच रंगाची. इथे पिवळी, गुलाबी, हिरवी घरं, रंगवलेल्या होड्या... बघून मीच खुळावलो होतो! नायनांना उत्साहाने सांगत सुटलो. ते वैतागले.

“हिरवं घर, लाल दार... हे काय सांगणं झालं? अंग सांग, काठ सांग.”

लुगड्याचं सांगतात तसं! भिंती म्हणजे अंग, दारं-खिडक्या म्हणजे काठ. मग मी तसं सांगू लागलो. तेवढ्यात लक्ष्मीला बोट लागली, म्हणून तिच्याकडे धावलो. परत येतो तर नायना कठडा धरून उभे, आणि आपले आपणच बोलत होते —

“अंग मोतिया, काठ निळा. अंग गाजरी, काठ पोपटी. अंग अबोली... काठ न्हाय, नुसतंच लाकूड हाय.”

मी किनाऱ्याकडे पाहिलं. नवं गाव आलं होतं. एकापुढे एक घर, नायना सांगत होते तसंच. मोतिया. गाजरी. अबोली... कुणी कानात सांगतंय का म्हणून आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणीच नव्हतं.

“आन् शेवटचं, माडाखालचं,” नायना म्हणाले, “अंग हळदी, काठ डाळिंबी. लई झ्याक हाय!”

शेवटचं घर पांढरंफटक होतं. दार निळं. मी तसं सांगितलं.

“मला रंग शिकवतो व्हय?” ते उखडले. “हळदी म्हंजी हळदी!”

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बाकीचं अंदाजाने जुळलं असणार. आणि हायसं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

आम्हाला उतरायचं होतं ते हेच गाव. मास्तरांच्या घरी जाताना वाटेत ते पांढरं घर लागलं, तसं मीच नायनांना सांगून बसलो. अंगणात एक म्हातारी कोळीण सुकट वाळवत होती. मी नको नको म्हणतोय तोवर नायनांनी तिला विचारलंच, “बाई, तुमचं घर हळदी हाय न्हवं?”

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“होता,” ती म्हणाली. “माझ्या घोवान् रंगवलान् होता. पिवला, नि दार डालिंबासारखा. तो दर्यात गेला, मंग पोरान् चुना मारलान्... पन तुमाला कोनी सांगितला?”

उत्तराची वाटही न बघता तिने नायनांना ओट्यावर बसवलं आणि पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं. “दाराची खालची फळी जरा फिकी पडलीया,” नायना म्हणाले, तशी ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र नायनांपुढे पुन्हा सगळा अंधार. पुन्हा भिंतीकडे तोंड, पुन्हा ताट तसंच. मास्तरांचं घर वरच्या वाडीत होतं, त्यामुळे त्या बाईकडेही परत जाणं झालं नाही. सुट्टी संपली. खाडीच्या बाजूने पडावात बसून आम्ही स्टीमर गाठली. नायना किनाऱ्याकडे पाठ करून बसले.

स्टीमर हलली आणि माडाखालचं घर दिसलं. भिंती हळदी, दार डाळिंबी, ताजा रंग उन्हात चमकत होता. म्हातारीने पोराकडून रंगवून घेतलं असणार. ती अंगणात उभी राहून सूप हलवत होती.

“नायना... शेवटचं घर. अंग हळदी, काठ डाळिंबी.” मी त्यांचा खांदा हलवून सांगितलं.

“मग मी काय म्हनलो हुतो?” ते म्हणाले. मग किनाऱ्याकडे वळत, “भाकर काढ की. भूक लागलीया.”

त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि तेव्हापासून रोज जेवतात. दिसत काही नाही, पण रंगाच्या हौदापाशी जाऊन बसतात. त्यांना त्या सकाळी मागचं दिसलं होतं की पुढचं, मला अजून उलगडलेलं नाही. मी पुस्तकं चाळली, शहाण्यासुरत्यांना विचारलं... काही नाही. आणि खुद्द नायनांना विचारलं, तर म्हणतात, “हुतं ते दिसलं. तू जेव गप.”