मल्हारची उघडी कनेक्शनं

खुटबावच्या मल्हारला कुठलीही गोष्ट आपणहून संपवणं जमत नसे. फोन लावला की समोरचा ठेवेपर्यंत तो कानाला धरून बसे. "आपण कसं तोडायचं? बरं दिसत न्हाई," असं त्याचं म्हणणं. पाहुण्यांना पोचवायला फाट्यावर जाई, आणि त्यांची एसटी निघून गेली तरी गप्पा चालूच. त्याची आई गिताबाई म्हणायची, "ह्याच्या बारशाला आल्याली माणसं अजून फाट्यावरच आसतील."

असा हा गडी कारेगावात खोली घेऊन राहिला आणि शेजारच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरवर लागला. कंपनीचा डेटाबेस होता पुण्याच्या हेड ऑफिसात. इथं ट्रकचा गेटपास काढायचा, तर दर वेळी तिथं कनेक्शन जोडावं लागे. मल्हारनं त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. लिहिला झकास, फक्त काम झाल्यावर कनेक्शन बंद करायची ओळ तेवढी घातली नाही. होईल आपोआप बंद, असं तो धरून चालला.

दसऱ्याच्या तोंडावर माल वाढला आणि एका दुपारी गेटपास निघेचनात. ट्रकांची रांग पार रस्त्यावर गेली. ड्रायव्हर खिडकीशी येऊन विचारू लागले, "भैया, पर्ची कब मिलेगी?" तेवढ्यात पुण्याहून डेटाबेस सांभाळणाऱ्या धनश्री मॅडमचा फोन आला.

"मल्हार, इथली सगळी कनेक्शनं तुमच्या प्रोग्रॅमनं अडवून ठेवलीत. एकही सोडलेलं नाही. नवीन जोडायला जागाच उरली नाही."

"मॅडम, मला वाटलं, तुमच्याकडून सुटतील."

"फोनसारखं ना?" मॅडम म्हणाल्या. त्याचा प्रत्येक फोन आजवर त्यांनीच ठेवला होता. "तुमची अडकलेली कनेक्शनं आधी तोडा. तुम्हाला परवानगी देते."

जन्मात पहिल्यांदा तोडायला मिळालं, तर मल्हारनं हात राखला नाही. आपली तोडली, आणि त्या भरात सगळ्या कंपनीचीही तोडली. गेटपास निघू लागले. मात्र स्टोअरचे पोपटआप्पा सकाळपासून मालाची मोजणी कॉम्प्युटरवर भरत होते, तिचा पत्ता राहिला नाही. आप्पा शांतपणे चालत आले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मल्हार, माझं काय चुकलं?"

"न्हाई आप्पा, तुमचं कशाला चुकंल."

"मग माझे नटबोल्ट कुठं गेले?"

मल्हार त्यांच्याबरोबर स्टोअरमध्ये गेला. आप्पा मोजत होते, तो भरत होता. संध्याकाळपर्यंत त्याला बोल्टांचे सगळे आकार पाठ झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रोग्रॅम दुरुस्त केला. काम झालं की कनेक्शन बंद. मध्येच काही बिघडलं, तरी बंद. मॅडमनी तपासून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर. आपलं झालं की आपलं बंद करायचं. दुसऱ्याचं नाही."

मल्हार हो म्हणाला. त्यानंतर गेटपास कधी अडला नाही, आणि पुढं शिरूरच्या गोदामाचा प्रोग्रॅमही मॅडमनी त्याच्याकडंच सोपवला.

पोपटआप्पा मात्र अजून धोका पत्करत नाहीत. मोजणी भरायची असली की आधी त्याच्या टेबलाशी येतात आणि मायेनं विचारतात, "मल्हार, च्या पिऊन येतोस का जरा?"