माहेरचा माईक

परवा आमच्या गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत मी भर स्टेजवर एक पराक्रम केला... अजून हसू येतंय. आणि हसता हसता डोळेही भरतात, म्हणून लिहूनच टाकते.

आमचं गाव जांबोटीकडचं, जंगलातलं. यात्रा बऱ्याच वर्षांनी भरते, तेव्हा झाडून सगळ्या माहेरवाशिणी येतात. या वेळी मंडळाने माहेरवाशिणींचा मेळावा ठेवलेला आणि माझा चुलतभाऊ परशा मला न विचारताच माझं नाव देऊन मोकळा! "आक्का, लेकींच्या वतीनं तूच बोलायचं. शाळंत असताना ढाली कोण आणत हुतं?"

आणत होते खरी. पण वक्तृत्व स्पर्धा सगळ्या बेळगावात, बस कधीतरी एखादी, आणि घरी म्हशी. त्यामुळे आईने मला स्टेजवर बोलताना कधी पाहिलंच नाही.

तालीम मात्र तिच्यासमोर व्हायची. ती धार काढायची आणि मी गोठ्याच्या दारात उभी राहून 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' सुरू करायचे. मध्येच माझा उजवा हात असा काही वर जायचा की म्हैस बिचकायची...

मग लग्न, निपाणी, नोकरी. एकदा ऑफिसच्या निरोप समारंभात बोलायला उभी राहिले आणि पाटी कोरी... कुणीतरी फिस्सकन हसलं, मी खाली बसले. त्यानंतर कुठे माईक दिसला की मला हमखास तहान लागायची, आणि पाणी प्यायला गेलेली मी कार्यक्रम संपल्यावरच परतायचे. अशी कितीतरी वर्षं गेली.

या वेळी पळाले नाही, त्याला कारण आई. तिला आता फार कमी ऐकू येतं, आणि दरवर्षी आणखी कमी. एकदा तरी तिच्यासमोर स्टेजवरून बोलायचं होतं... आत्ता नाही तर कधी?

भंडारा उधळून उधळून गाव पिवळंधमक झालेलं. कौलं, बैलांच्या पाठी, आमचे केस, चहावरची सायसुद्धा. त्या पिवळ्या धुक्यातून माझ्या वर्गातल्या मुली चालत यायच्या, अंगाने सुटलेल्या, चष्मे लागलेल्या... आणि जवळ येऊन हसल्या की पुन्हा रिबिनीतल्या दिसायच्या. मी नेमकी किती वर्षांची आहे, तेच मला कळेनासं झालं होतं.

नाव पुकारलं. समोर सगळा मांडव पिवळा, पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली आई. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे उडून गेलं. मी माईक तोंडाजवळ नेला आणि बाहेर पडलं...

"नमस्कार, हेळ्री!"

आता हे ऑफिसात फोन उचलल्यावर माझ्या तोंडून निघणारं वाक्य! 'हेळ्री' म्हणजे कन्नडमध्ये 'बोला'. म्हणजे भाषणाला उभी राहून मी अख्ख्या गावालाच 'बोला' म्हणाले होते.

मग बायकांतून आमच्या शेजारच्या भागाक्काचा खणखणीत आवाज आला, "आमी काय हेळायचं गं बाई? तूच हेळ की!"

मांडव हसून हसून लोळला. मीही हसले, तिथेच, पोट धरून... आणि त्या हसण्यात छातीवरचं काहीतरी उतरलं. "हेळते, हेळते, ऐका," म्हणाले आणि सुरू झाले.

काय बोलले ते आता धड आठवत नाही. शाळेच्या वाटेवरची करवंदं आली, माहेरच्या वाटेवर चढ कसा लागतच नाही ते आलं, यात्रेला येऊ न शकलेल्या लेकी आल्या... माझाच आवाज स्पीकरमधून डोंगरापर्यंत जात होता आणि हळूच परत येत होता. फार दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्याचा ऐकावा तसा मी तो ऐकत होते.

स्टेजवरून उतरले ती थेट आईपाशी. कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "ऐकू आलं काय गं?"

"न्हाय बाई. कायसुदिक न्हाय," माझ्या केसांतला भंडारा झटकत ती म्हणाली. माझा चेहरा पडला असणार, कारण तिने माझा उजवा हात धरला आणि दोन्ही हातांत घेऊन बसली.

"पर ह्यो वर जायाला लागला की... तवा म्हटलं, आली माझी पोरगी."

परशा, भागाक्का, तुमचे लई उपकार आहेत माझ्यावर. आज सकाळी ऑफिसात फोन उचलला आणि 'नमस्कार, हेळ्री' म्हणताना उजवा हात आपोआप वर गेला... नखांत अजून भंडारा आहे.