यानेझचा एवढासा समुद्र

सातव्या सेशनलाही यानेझ कपाच्या चित्राकडे नुसते बघत राहिले. "व्हॉट इज धिस?" मी पुन्हा विचारलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. शेजारी बसलेली त्यांची बायको मार्ता पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

मी स्पीच थेरपिस्ट. मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं कुवेतच्या एका हॉस्पिटलात आहे. यानेझना मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला होता. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. याला आम्ही अफेझिया म्हणतो. माणसाला बरंचसं कळत असतं, अक्कल जागेवर असते, पण हवा तो शब्द सापडत नाही.

यानेझ स्लोव्हेनियाचे. इथल्या बंदरावर सल्लागार होते, सगळं काम इंग्रजीत. फाइलवर भाषा होती इंग्लिश. मार्ताही म्हणाली होती, दिवसभर ते इंग्रजीच बोलायचे. त्यांच्या भाषेचा दुभाषी आमच्याकडे नव्हता, टेस्टही नव्हती. मग मी इंग्रजीच धरून बसले. चूक माझी होती.

आमचे हेड डॉक्टर हानी इजिप्तचे. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की दहा सेशन मंजूर आहेत, स्कोअर हलला नाही तर फाइल बंद करावी लागेल. माणूस कठोर नव्हता. बाहेर पेशंट ताटकळत होते आणि थेरपिस्ट आम्ही तिघीच.

त्या संध्याकाळी रिग्गई भागातल्या माझ्या घरी स्वयंपाक उरकून मी हा देश शोधायला बसले. तोवर मी त्याची स्लोव्हाकियाशी गल्लत करत होते. आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा देश. वर आल्प्सचे डोंगर, निम्म्याहून जास्त जंगल, जमिनीखाली चुनखडीच्या गुहा. मोटारी आणि औषधं बनवून बाहेर विकतात. एका बाजूला इटली, दुसऱ्या बाजूला क्रोएशिया. ड्रॉइंग शीटवर मी अंदाजाने नकाशा काढला. डोंगर, नदी, झाडं, कारखान्याची चिमणी.

आठव्या सेशनला तो पुढ्यात ठेवला. यानेझ पहिल्यांदाच खुर्चीत पुढे झुकले. डाव्या हाताचं बोट डोंगरांवरून खाली आलं आणि डाव्या कोपऱ्यात थांबलं. तिथे त्यांनी टकटक केलं. कपाळाला आठ्या पडल्या. मग माझ्या कोटाच्या खिशातलं पेन ओढून त्यांनी तिथे एक वाकडीतिकडी रेघ मारली, खाली लाटा काढल्या.

"मोर्ये," ते म्हणाले.

मला काहीच कळलं नाही. मार्ता उठून उभी राहिली होती.

"समुद्र," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही आमचा समुद्रच विसरलात."

मग तिने सांगितलं. त्यांचा किनारा एवढासा की गाडीने तासाभरात संपतो. पण तिथेच देशाचं एकुलतं एक मालवाहू बंदर आहे. उतरलेला माल रेल्वेने डोंगरापलीकडे जातो, ऑस्ट्रिया-हंगेरीपर्यंत, ज्यांना समुद्रच नाही. यानेझनी निम्मं आयुष्य त्या धक्क्यावर काढलं होतं.

इंग्रजी कार्डं मी त्याच दिवशी कपाटात टाकली. मार्ता शब्द सांगायची, मी देवनागरीत लिहून घ्यायचे. लुका म्हणजे बंदर. सोल म्हणजे मीठ. माझे उच्चार ऐकून यानेझ हसायचे आणि चूक दुरुस्त करायला तोंड उघडायचे. मला तेच हवं होतं.

डॉक्टर हानींना मी म्हटलं, इंग्रजी टेस्टचा स्कोअर अजून शून्यच आहे, पण एकदा येऊन बसा. ते दहाव्या सेशनला आले आणि दारापाशी स्टूल ओढून बसले. नकाशावर किनाऱ्यालगतच्या मिठागरांच्या जागी यानेझनी स्वतःच चौकोन काढले होते. मार्ताचं माहेर तिथलं. त्या चौकोनांवर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले. मान वळवून बायकोकडे बघितलं.

"मार्ता," ते म्हणाले.

स्ट्रोकनंतरच्या सात आठवड्यांत तिने स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिने हात पुढे करून त्यांची कॉलर नीट केली, नीट असूनही पुन्हा केली. मी उगाच कागद आवरत राहिले.

बाहेर डॉक्टर हानींनी विचारलं, "आणखी किती सेशन?"

"बारा."

त्यांनी तिथेच भिंतीवर कागद टेकवून सही केली.

यानेझ पूर्वीसारखे बोलू लागले नाहीत. मायदेशी गेले तेव्हा दोन-तीन शब्दांची वाक्यं जमत होती, तीही त्यांच्याच भाषेत. इंग्रजी जवळजवळ परतलीच नाही. मार्ताने नंतर मेसेज केला, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडतात, तेवढ्याला शब्द पुरतात.

आमच्या फॉर्मवर भाषेसाठी एकच रकाना आहे, एका शब्दापुरता. मी आता समासात पेनने लिहिते, घरी कोणती, लहानपणी कोणती. फॉर्मवर गिचमिड करू नकोस, असं डॉक्टर हानींनी दोनदा सांगितलंय. मी करते.