साडूंची म्हातारी नावं

आमच्या साडूंइतका मुलींच्या नावांचा ध्यास घेतलेला माणूस मोखाडा तालुक्यातच काय, घाटाच्या वर किंवा खाली कुठेही सापडायचा नाही. खोडाळ्यात कुणाकडे मुलगी झाली की ती बातमी आधी त्यांच्यापासून लपवली जायची. कारण कानावर पडलं की आमंत्रण असो वा नसो, खिशात यादी घालून साडू बारशाला हजर. यादीत सगळी जुनी युरोपी नावं: क्लोटिल्ड, फिलोमेना, हेन्रिएटा, विल्हेल्मिना. आत्या पाळण्यावर वाकून 'कुर्र' करणार, तेवढ्यात हे मागून हलक्या आवाजात म्हणायचे, "हेन्रिएटा बघा, टिकाऊ आहे." आजवर एकाही बापानं ऐकलं नाही. शेवटी ती नावं शेळ्यांच्या वाट्याला आली. दुभती शेळी क्लोटिल्ड, तिची मुलगी फिलोमेना. दोघी हाकेला ओ देतात, हे साडू माणसांना टोमणा म्हणून ऐकवायचे.

ही नावं त्यांना मिळाली जव्हारच्या एका रद्दीवाल्याकडे. युरोपातल्या कुठल्याशा गावानं आपल्या जुन्या माणसांचं छापलेलं एक जाड पुस्तक होतं. पानोपानी पांढऱ्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, खाली नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. ते जव्हारला कसं येऊन पडलं, देव जाणे. आतली भाषा साडूंना येत नव्हती, पण नावं आणि सालं त्यांनी तोंडपाठ केली. नाव पारखायची त्यांची रीतही वेगळी. आमच्याकडे एका टेकडीवरचा माणूस समोरच्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारतो. दरी ओलांडून जे पोचत नाही ते नाव कुचकामी, असं त्यांचं मत होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी ते उंचवट्यावर उभे राहून खणखणीत हाका मारायचे. एकदा 'विल्हेल्मिना' ऐकून सूर्यमाळला निघालेली भरलेली जीप थांबली आणि ड्रायव्हर दहा मिनिटं त्या बाईची वाट बघत राहिला. कुणी कुरकुरलं तर म्हणाला, "येत असंल सावकाश. नावावरून म्हातारी वाटतं."

साडू ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. निवृत्तीनंतर कुणी देवदेव करतं, कुणी शेती बघतं, ह्यांनी हे धरलं. मी मोखाड्याच्या शाळेत मास्तर. मधल्या सुट्टीत त्यांच्या नकला करून मी बाकीच्या शिक्षकांना कितीतरी वेळा हसवलंय.

मग गेल्या वर्षी त्यांच्याच मुलीला, आमच्या सुरेखाला, मुलगी झाली. दिवस भरायला दीड महिना बाकी होता आणि वजन भरलं चौदाशे ग्रॅम. तातडीनं गाडीनं जव्हारला नेलं आणि पोर काचेच्या पेटीत ठेवली. पेटीवर चिठ्ठी होती, 'सुरेखाची मुलगी'. रोज सकाळी नर्स वजन करायची आणि दाराशी येऊन एक आकडा सांगायची. बाहेर बाकावर आम्ही तिघं: साडू, मी आणि विहीणबाई, म्हणजे सुरेखाची सासू. ही बाई सूर्यमाळजवळच्या पाड्यावर नागली पिकवणारी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, तेराशे साठ. तिसऱ्या दिवशी तेराशे वीस. सुरुवातीला उतरतंच, असं ती सांगायची, पण आमच्याकडे बघायची नाही. चौथ्या दिवशी तेराशेच्याही खाली. दार उघडण्याचा आवाज आला की नवा आकडा ऐकायची भीती वाटायची. आणि त्याहून जास्त भीती वाटायची ती साडूंची, कारण चार दिवसांत त्यांनी एकाही नावाचा उच्चार केला नव्हता.

पाचव्या दिवशी विहीणबाईंनी पिशवीतून वाटी काढली, तिच्यात पाणी ओतलं आणि पदराची गाठ सोडून तांदूळ हातात घेतले. त्यांच्याकडे पाचवीला असं नाव बघतात. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक घ्यायची आणि पाण्यात दोन दाणे टाकायचे. ज्या नावाला दाणे एकमेकांना चिकटतील, ते माणूस पोरीच्या रूपानं परत आलं.

"पोरीला बिननावाची ठेवाची नाय," त्या म्हणाल्या. "आमचे सासूचा नाव बघू. जानकी."

दाणे पाण्यात पडायच्या आत साडूंनी वाटीवर हात ठेवला. "जानकी नको, विहीणबाई."

"का? आमची म्हातारी परत येत असंल त तुमी कोन आडवनारे? तुमाला गोरी बाय पायजे, माला म्हाईत हाय."

साडू वहीतून वाचून दाखवावं तशा सपाट आवाजात बोलू लागले. "नोकरीभर मी ह्या तालुक्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. मृत्यूच्या वहीत जानकी मी सात वेळा लिहिली. तुमच्या सासूबाई म्हाताऱ्या होऊन गेल्या, ती एक नोंद. बाकी सहा जणींत सगळ्यांत थोरली नऊ महिन्यांची होती. सीता घ्या, मंजुळा घ्या, कुठलंही नाव घ्या, मला ते पान दिसतं. त्या पुस्तकातलं एकही नाव मी तिथं कधी लिहिलेलं नाही. आणि माझ्या यादीतली एकही बाई ऐंशीच्या आत गेलेली नाही. मी सालं मोजून घेतल्यात. ज्या नावानं एकदा म्हातारपण बघितलंय, त्याला तिथली वाट ठाऊक असते."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या यादीवर मी केलेले सगळे विनोद मला आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

विहीणबाईंनी साडूंचा हात वाटीवरून बाजूला केला. मग म्हणाल्या, "तेच्यात सगल्यांत म्हातारी कोन?"

"विल्हेल्मिना. अठ्ठ्याण्णव."

"मंग तिलाच बोलवा. माला ता नाव बोलता येत नाय, तुमी बोला."

धावती जीप थांबवणारा आवाज त्या दिवशी बाकाच्या टोकापर्यंतही पोचेना. दोनदा ओठ हलले, तिसऱ्यांदा कसंबसं नाव आलं. विहीणबाईंनी दाणे सोडले आणि ते सरकत सरकत एकमेकांना चिकटले. वाटी त्यांच्याच हातात होती आणि अंगठा जरासा हलला होता, पण ह्या विषयावर मी कुणाशी बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सनं सांगितलेला आकडा आदल्या दिवसाचाच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा ग्रॅम वाढले. दहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर पीठ, पण तेवढ्यासाठी विहीणबाई बाकावर बसून मोठ्यानं रडल्या आणि साडू उगाचच नळावर जाऊन तोंड धुऊन आले. महिन्याभरानं पोर घरी गेली.

आता त्या पाड्यावर कुणी तिला लाडानं 'मिना' म्हणायची सोय नाही. विहीणबाई तिथल्या तिथे अडवतात. "आखा नाव घे. अर्धा नाव घेशील त अर्धाच जगंल." त्यामुळे उन्हात कोसभरावरून पाणी आणणाऱ्या बायाही डोक्यावरचा हंडा सावरत, अडखळत का होईना, 'विल्हेल्मिना' पुरं करूनच पुढे जातात.

गेल्या महिन्यात साडूंबरोबर मी तिकडे गेलो होतो. पोर आता बसते, खालचे दोन दात आलेत. साडू तिला मांडीवर घेऊन नागलीची पेज भरवत होते. भरवता भरवता थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "ही म्हातारी होईल तेव्हा आपण नसू, नाही का?"

"नाही, भाऊसाहेब."

"तुम्हीही नसाल?"

"कसा असेन? शक्यच नाही."

"छान," ते म्हणाले आणि पुढचा चमचा फुंकू लागले.