गेजवरचं कुंकू

दसरा होऊन आठवडा झाला होता. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यशोधरा भिंगारदिवे खिडकीपाशी उभी राहून हातातलं गेज उजेडात धरून बघत होती, आणि बघता बघता तिला भीती वाटायला लागली.

गेज ही काही भिण्यासारखी वस्तू नव्हे. जाडजूड लोखंडी तुकडा, त्याला दोन खाचा. कारखान्यात ट्रकच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना तयार होत. पिन पहिल्या खाचेत गेली पाहिजे आणि दुसऱ्या खाचेत अडली पाहिजे. दुसरीतही शिरली, तर ती बारीक झाली म्हणायची आणि बाजूला टाकायची. इतकं सोपं काम. पण आज त्या दुसऱ्या खाचेच्या आतल्या कडेला लाल, कडक असा पापुद्रा बसला होता. खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू.

कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक यंत्राला, प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लागायचं, आणि पूजेचं कुंकू पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, असा रिवाज होता. पहिल्या खाचेतून पिनांची ये-जा चालते, तिथलं कुंकू लगेच घासून गेलं. दुसऱ्या खाचेत पिन शिरतच नाही, तिथं ते सुकून बसलं. खाच केसभर अरुंद झाली. आठवडाभर बारीक पिनाही तिथं अडत होत्या आणि चांगल्या म्हणून पेट्यांत भरल्या जात होत्या.

गेजची खोली सांभाळणारे गनीभाई शेजारीच उभे होते. वयानं तिच्या वडिलांएवढे, हाताखालून अख्ख्या कारखान्याची मापं गेलेली. ते हळूच म्हणाले, "ताई, मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं."

मग का नाही पुसलंत, असं यशोधरानं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पूजेचं कुंकू गनीभाईंनी पुसलं, एवढंच वाक्य कारखान्यात फिरायला पुरेसं होतं. दंगलींनंतरची मधली काही वर्षं अशी गेली होती की गनीभाई साधा डबा उघडतानाही आजूबाजूला कोण आहे ते बघून घ्यायचे.

आणि तिचं स्वतःचं काय वेगळं होतं? यशोधराच्या घरी देव नव्हते, पूजा नव्हती. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध होते. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून ती या कारखान्यात लागली, तिचं काम नियोजन विभागात. एका विभागाच्या माणसानं दुसऱ्या विभागाची तपासणी करायची, ही अंतर्गत ऑडिटची पद्धत नुकतीच सुरू झाली होती, आणि चार दिवसांचं शिक्षण देऊन साहेबांनी तिला त्यात घातलं होतं. नोकरीत ती अजून कायम नव्हती. ते दिवाळीनंतर ठरणार होतं.

पूर्वी ऑडिटची त्रुटी कागदावर लिहीत, आणि तो कागद कुठल्यातरी खणात पडून राही. त्या वर्षी पुण्याच्या हेड ऑफिसातून कॉम्प्युटरचा प्रोग्राम आला होता. त्रुटी लिहून पाठवली की ती थेट त्या विभागाच्या माणसाकडे जायची. त्यानं कारण आणि उपाय लिहायचा, मग वरचे साहेब बघणार, आणि सगळ्यात शेवटी जिनं लिहिली तिनंच जागेवर जाऊन खात्री करून ती बंद करायची. एकदा पाठवलेलं मागे घ्यायची सोय नव्हती. कोणी कोणी उघडून वाचलं, तेही नावासकट दिसायचं. आणि 'गंभीर' अशी खूण केली, की त्या मालाची गाडी फाटकातच अडायची.

गेज पुसणं एका फडक्याचं काम होतं. पण बारीक पिना पेट्यांत बसल्या होत्या, आणि शनिवारी गाडी भरणार होती. लिहिल्याशिवाय त्या थांबणार नव्हत्या.

बातमी तिच्याआधीच पोचली. दुपारी उत्पादनाचे सुपरवायझर सहादेव तिच्या टेबलापाशी आले. घोडेगावकडचा माणूस, आवाज मशीनच्या वर जाणारा, पण आज तो खाली होता. पूजा दरवर्षी त्यांच्याच हातची.

"यशोधराबाई, तुमच्यात पूजा न्हाई, ठीक हाय. पर आमची पूजा काम्प्युटरात कशाला घालता?"

पूजेबद्दल काही नाही, मापाबद्दल आहे, असं ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"काम्प्युटरला पन कुंकू लावलंय म्यां. त्यो बिगाडला का?" सहादेव हसले, मागची दोघंतिघं हसली. मग हसू आवरून ते म्हणाले, "गेज पुसून टाका. गनीभाईला पन तरास न्हाई, तुमाला पन न्हाई. पोरं तापट हायेत आमची. मी कुनाकुनाला धरू?"

ती धमकी होती की काळजी, हे तिला घरी पोचली तरी उमगलं नाही. वाटेत मागून मोटरसायकल आली की ती लुना कडेला घेत होती. सावेडीतल्या दोन खोल्यांत आईनं, भिमाबाईनं, तिचं तोंड बघूनच ताट वाढायचं थांबवलं. सगळं ऐकल्यावर आई एवढंच म्हणाली की दुसऱ्या कुणाच्या नावानं लिहिता येत नाही का. नाही येत, असं यशोधरा म्हणाली. जेवण तसंच राहिलं.

सकाळी ती इतरांच्या आधी कारखान्यात पोचली. पडद्यासमोर बसून तिनं जे दिसलं तेवढंच लिहिलं: गेज कुठलं, खाच कुठली, थर कसला, कुठल्या पिना पास झाल्या. कुंकू हा शब्द तिनं दोनदा काढला आणि दोनदा परत घातला. 'गंभीर'वर खूण केली. बोट बटणावर ठेवून सगळं एकदा परत वाचलं. मग दाबलं.

आणि मग वाट बघणं. पडद्यावर नावं उमटायला लागली. गनीभाईंनी उघडलं. सहादेवांनी उघडलं. भांडाराच्या माणसानं उघडलं. ज्यांचा काही संबंध नव्हता अशांनीही उघडलं. कँटीनमध्ये ती बसली त्या बाकावरची दोन माणसं चहा संपायच्या आत उठून गेली. सायकल स्टँडवर तिच्या लुनाची हवा गेलेली होती. ती कुणी काढली की आपली गेली, कोण सांगणार? ती गाडी ढकलत फाटकाबाहेर गेली आणि तिनं वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गनीभाईंचं कारण आलं. बाकीच्या त्रुटींवर लोक 'दुर्लक्ष झाले' एवढं लिहून मोकळे होत. गनीभाईंनी लिहिलं होतं: पूजेचे कुंकू खाचेत राहिले. मी पाहिले होते. पुसायची मला भीती वाटली. खाली नाव.

यशोधरानं ते दोनदा वाचलं. हे आता पुण्यापर्यंत सगळे वाचणार होते. ती धावत गेजच्या खोलीत गेली, तर ते शांतपणे तेल लावत बसले होते.

"खोटं कारण लिहिलं, तर उपाय पण खोटाच लिहावा लागेल, बेटा," गनीभाई म्हणाले. आणि त्यांनी फडक्यानं पुढचं गेज पुसायला घेतलं.

पिनांच्या पेट्या उघडल्या. मापायला सहादेव स्वतः बसले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी ते तिच्या टेबलापाशी आले आणि मूठभर पिना तिच्यासमोर ठेवल्या. सगळ्या बारीक.

"फुडच्या वर्सापासून कुंकू गेजच्या पेटीला. गेजला न्हाई," ते म्हणाले. "पर ह्यो उपाय मी लिवनार. तुमच्या न्हायतर गनीभाईच्या नावानं ग्येला, तर पोरं ऐकायची न्हाईत."

साहेबांनी उपाय मान्य केला आणि खाली शेरा मारला: पुढच्या खंडेनवमीला तपासून मगच बंद करावे. म्हणजे वर्षभर ती त्रुटी उघडीच राहणार होती, लाल अक्षरांत, यशोधराच्या नावासकट. दिवाळीनंतर तिला कायम केलं नाही. सहा महिने पुढे ढकललं, मग आणखी सहा. कारण कोणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. रोज सकाळी ती पडदा उघडायची आणि आणखी कुणाचं नाव उमटलंय का ते आधी बघायची.

पुढच्या खंडेनवमीला ती गेजच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत सगळा कारखाना जमला होता. मागून कुणीतरी म्हणालं, आल्या बघा तपासायला. तिनं उंबरा ओलांडला नाही. सहादेवांच्या हातात कापूर पेटलेलं ताट होतं. ते तसंच धरून त्यांनी मागे वळून त्या माणसाकडे बघितलं, आणि मग म्हणाले, "सरका रं. आधी बाईंना बघू द्या."

गर्दीतून वाट झाली. गेजच्या पेट्यांच्या झाकणांवर कुंकवाची बोटं होती. गनीभाई एकेक पेटी उघडून देत होते. सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन यशोधरा एकेक गेज उचलून उजेडात धरत होती, आणि कापूर विझत आला तरी तिनं एकही खाच बघायची सोडली नाही.