रानातलं नाव

सेकोंदो गेला तेव्हा त्याच्या मागे दोघी उरल्या, बायको देल्फीना आणि कुत्री दियाना. दोघींचं कधी पटलं नव्हतं. कुत्रीनं चिखल आणायचा आणि देल्फीनानं तोंडाचा पट्टा सोडत तो पुसायचा, एवढंच त्यांचं नातं. पण सप्टेंबरात सेकोंदोला पुरून आले आणि त्या संध्याकाळपासून दियानानं अन्न टाकलं. दाराशी ठेवलेल्या त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून ती पडून राहायची, आणि तिच्या भांड्यातला मक्याच्या पिठाचा पोलेंता तसाच वाळून जायचा. ते बघून देल्फीनाच्या घशाखाली घास उतरेना. त्या घुम्या माणसासाठी झुरणारं घरात आणखी कोणीतरी आहे, हे तिला तेव्हा कळलं, आणि ज्या जनावरावर तिनं आयुष्यभर खेकसून घेतलं तेच तिला जिवापाड झालं.

ऑक्टोबरात सेकोंदोचे रानातले सोबती, कुत्र्यांच्या नाकावर जमिनीखालची ट्रफलं, म्हणजे महागडी अळंबी, शोधणारे चेलेस्तीनो आणि मिलियो, घरी आले. टोपी हातात घेऊन चेलेस्तीनोनं आडून आडून सुरुवात केली. रानातली कुत्री घरात बसून कुजते, म्हणाला, मी नेतो तिला, जगेल तरी. देल्फीनानं साफ नाही म्हटलं. काम हवंय ना तिला, मग मीच नेते रानात, तुम्ही मला ट्रफल शोधायला शिकवा.

मिलियोला हसू आवरेना. "साठी उलटल्यावर? अगं बाई, जमिनीखालचं ट्रफल म्हणजे काय बाजारातला बटाटा आहे, दिसला की उचलला?"

"तुझ्यासारख्याला सापडतं म्हणजे फार अक्कल लागत नसणार," ती म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं. नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत दोघं तिला बरोबर नेतील. तोवर दियानानं तिच्यासाठी एक जरी ट्रफल उकरलं, तरी कुत्री तिची. नाहीतर चेलेस्तीनोची. देल्फीनानं तोऱ्यात हो म्हटलं.

आमच्या टेकड्यांवरची ट्रफलवाली माणसं मोठी आतल्या गाठीची. कुठल्या ओकच्या झाडाखाली काय सापडतं ते बायकोलाही सांगणार नाहीत, पाद्र्यालाही नाही. भल्या सकाळी निघतील पूर्वेला आणि परततील पश्चिमेकडून, पण कोणाला ताकास तूर लागू देणार नाहीत. तरी ह्या दोघांनी देल्फीनाला मनापासून शिकवलं. वारा तोंडावर घेऊन चालायचं. कुत्री उकरायला लागली की तिला अलगद बाजूला करून पुढचं छोट्या कुदळीनं, हळू हळू काढायचं. खड्डा पुन्हा मातीनं नीट बुजवायचा, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. कुत्रीला वाळक्या पावाचा तुकडा द्यायचा आणि तिच्यावर हात कधी उगारायचा नाही. देल्फीना सगळं शिकली, चिखलात दोनदा आपटली, मिलियोचे टोमणे सव्याज परत केले.

कुत्री मात्र हलली नाही. ओल्या पानांवर बसून राही. "दियाना, शोध," देल्फीना म्हणे, आधी दटावून, मग लाडीगोडीनं, शेवटी हात जोडून. दुसऱ्याच कोणालातरी बोलावतायत अशा नजरेनं दियाना तिच्याकडे बघे. दोघं मित्र एकमेकांकडे बघत आणि पुढे चालू लागत.

देल्फीनाला वाटे, माझंच काहीतरी चुकतंय. सेकोंदोशी तरी तिला कधी नीट बोलता आलं होतं? तसं एके काळी आलं होतं. त्यांची लेक मतिल्दे होती तोवर घरात बोलणं होतं, हसणं होतं. सात वर्षांची ती पोर तापानं फणफणली आणि आठवडा उलटायच्या आत गेली. तिला पुरून तिसरा दिवस उजाडला, आणि सेकोंदोनं कुदळ उचलली, तेव्हाची कुत्री घेतली, रानात चालता झाला. चुलीपाशी बसलेल्या देल्फीनानं ते पाहिलं. पोटची पोर गेली आणि ह्याला ट्रफलं सुचतायत, हे तिनं मनात कोरून ठेवलं. त्यानंतर त्या घरात पोरीचं नाव निघालं नाही. तिनं काढलं नाही, त्यानंही काढलं नाही. सगळा जन्म असा गेला, आणि शेवटच्या आजारपणात, दवाखान्याच्या खाटेशी बसून, देल्फीनाच्या तोंडून निघालंच. "तिच्यासाठी एकदाही रडला नाहीस तू." त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. पुन्हा त्यांचं बोलणं झालं नाही.

सेंट मार्टिनच्या आदल्या सकाळी ते शेवटचं निघाले. दरीत धुकं साचलं होतं. दियाना नेहमीसारखीच बसली. देल्फीनानं दुपारपर्यंत तिची मनधरणी केली, मग पट्टा सोडला आणि चेलेस्तीनोच्या हातात दिला. दुधात पाव कुस्करून दिला तर थोडं खाते, म्हणाली, आणि मेघगर्जनेला घाबरते. एवढं बोलून ती पाठ फिरवून निघाली, कारण त्या दोघांसमोर तिला रडायचं नव्हतं.

"सांग तिला," मागून मिलियो म्हणाला. "तू सांग, नाहीतर मी सांगतो."

चेलेस्तीनो पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, इथला प्रत्येक माणूस कुत्रीला दोन नावं ठेवतो. एक घरातलं, चारचौघांतलं. दुसरं रानातलं. ते नाव कानी पडल्याशिवाय कुत्री नाक खाली घालत नाही. ते उघड करायचं नसतं, चोराला कळलं तर तो हाक मारून कुत्री पळवेल.

देल्फीना गर्रकन वळली. "आणि तुम्ही मला महिनाभर चिखलात नाचवलंत?"

"सेकोंदोनं वचन घेतलं होतं आमच्याकडून. कोणालाही कळलं तरी चालेल, म्हणाला, देल्फीनाच्या कानावर जाता कामा नये."

"मेला तो. सांग."

चेलेस्तीनोनं टोपी काढली. "तिल्दिन," तो म्हणाला.

मतिल्देला घरात तिल्दिन म्हणत. देल्फीनानं जवळच्या झाडाला धरलं.

मग तिनं विचारलं, हे नाव फक्त ह्याच कुत्रीचं?

"हिच्या आधीच्या सगळ्यांचं," चेलेस्तीनो म्हणाला. "पोरीला पुरून तिसऱ्या दिवशी तो रानात आला ना, तेव्हापासून. त्या दिवशी त्यानं काही खणलं नाही गं. नुसता हाका मारत फिरला. कुत्री धावत आली की तिला पोटाशी धरायचा आणि ढसाढसा रडायचा. घरात रडलो तर देल्फीना कोसळेल, म्हणायचा."

तिला आधी आला तो संताप. ह्या दोघांना माहीत होतं, झाडाझुडपांना माहीत होतं, आणि जिच्या पोटातून ती आली तिलाच तेवढं माहीत नव्हतं. मग संतापही गेला, आणि तिला ती खाट दिसली आणि खिडकीकडे वळलेलं ते तोंड. आता कोणाची क्षमा मागायची आणि कुठे जाऊन मागायची, तिला कळेना.

"हाक मार," मिलियो हलकेच म्हणाला. "नाहीतर कुत्री जाईल तुझी."

नाव ओठांपर्यंत येई आणि परत जाई. अखेर निघालं, पण इतकं पुसट की तिचं तिलाच ऐकू आलं नसेल. दियानाचे कान ताठ झाले. देल्फीनानं पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, जेवणवेळी अंगणातून मारायची तशी, आणि कुत्री उठून तिच्याकडे धावत सुटली. तिच्या गुडघ्यांवर आदळली, वळली, नाक जमिनीला लावून ओकखाली गेली आणि उकरू लागली. मिलियोनंच पुढे होऊन अक्रोडाएवढं ट्रफल काढलं आणि खड्डा बुजवला. चेलेस्तीनोनं पट्टा देल्फीनाच्या हातात ठेवला. कुत्री तुझी, म्हणाला.

देल्फीनाचं लक्ष नव्हतं. "तिल्दिन," ती दरीकडे तोंड करून हाक मारत होती, "तिल्दिन." कुत्री तिच्या पायाशीच उभी होती, तरी ती हाका मारतच राहिली.