मेव्हण्यांचं स्नायुशास्त्र

स्नायू कसे वाढतात यावर जगात झालेलं यच्चयावत संशोधन वाचलेला आणि तरीही तसूभर न फुगलेला माणूस म्हणजे माझे थोरले मेव्हणे. इंग्लंडात मिल्टन कीन्सला लोकांना भूल देण्यात त्यांची सगळी डॉक्टरकी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जिम धरली, पण व्यायाम करण्यापेक्षा व्यायामावरचे शोधनिबंधच जास्त वाचले. नवा निबंध आला की जुना कार्यक्रम रद्द. भारी वजनं जरा कुठे उचलायला लागावीत, तोच हलक्या वजनांनीही तेवढेच स्नायू वाढतात असं त्यांच्या वाचनात येई. "अहो जावईबापू, हलकं की भारी हा प्रश्नच नाही. शेवटची दोन-तीन रेप्स जिवावर आली पाहिजेत. फेल्युअरच्या जवळ जायचं, पुढची रेप उचलताच येऊ नये इतकं!" फेल्युअरच्या जवळ ते कायमच असत. एकदा बेंचवर उताणे पडून वजनांचा दांडा वर ढकलताना तो छातीवरच येऊन बसला. दोन दांडग्या पोरांनी तो उचलला, तर थँक यू म्हणायच्या आधी यांनी दोन सेट्सच्या मध्ये विश्रांती किती घ्यावी यावर व्याख्यान सुरू केलं. अंगावरचा घाम वाळेपर्यंत पोरं बिचारी ऐकत उभी होती.

जेवणाचीही तीच गत. ईलिंगला एका बारशाला श्रीखंडाची वाटी हातात घेऊन यांनी यजमानीणबाईंना विचारलं, "चक्का घट्ट बांधलेला ना? नाही, प्रोटीनसाठी विचारतो." त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, कपाळाला हात लावला.

शेवटी वहिनींनीच दम भरला, म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एकच कार्यक्रम महिनोन्‌महिने चालवला. आणि खरंच, दंडावर बारीकसा उंचवटा आला! तो बघायला मला स्टॅनमोरहून मुद्दाम बोलावून घेतलं.

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. मी वॉर्डात गेलो तेव्हा गाऊनच्या बाहीतून नुसती काडी बाहेर आली होती. "अंथरुणावर म्हाताऱ्याचे स्नायू किती भराभर उतरतात, तेही वाचलं होतं," ते म्हणाले. "हे रिसर्च मात्र मला बरोबर लागू पडलं." मला हसता येईना.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांच्या वडिलांना शेवटी दोघांनी धरून उठवावं लागायचं. तेव्हापासून यांनी धसका घेतलाय. तो दिवस आपल्यावर येऊ नये म्हणून सगळा खटाटोप."

आता ते घरी आहेत. फिजिओ येते, पायांना रबरी पट्टा बांधून व्यायाम घेते. ती काय सांगते ते मुकाट्याने करतात, वाद घालत नाहीत, आणि तेच मला बघवत नाही. गेल्या रविवारी त्यांना खिडकीशी जायचं होतं. मी हात पुढे केला. त्यांनी माझा दंड चाचपला, जरासा दाबून पाहिला.

"चांगला आहे. वापरत जा," म्हणाले.

मी दंड होईल तेवढा ताठ केला. त्याला धरून ते सावकाश उठले.